ताईंचं कौतुक आणि ताईंची खुर्ची

आमच्याकडं बायकांच्या बैठकीत राजकारणाचा विषय निघाला की सगळ्या नाकं मुरडतात. पण सुमित्राताई महाजनांचं नाव कुणी काढलं की सूर बदलतो. "बाई असावी तर अशी!" चिपळूणची लेक, इंदूरची सून, एकाच मतदारसंघातून आठ वेळा लोकसभेत, पाच वर्षं लोकसभेची अध्यक्ष. आणि एवढं सगळं होऊन साधी साडी, साधं बोलणं, नावाला पैशाचा डाग नाही.

हे सगळं खरं आहे. त्यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. पण एक गोष्ट मला कधीपासून खटकते. पुरुष पुढाऱ्याचं कौतुक करताना आपण त्यानं काय केलं ते सांगतो. धरण बांधलं, रस्ता आणला, अमुक कायदा केला. सुमित्राताईंचं कौतुक करताना मात्र त्या कशा होत्या तेवढंच सांगून थांबतो. तीस वर्षं संसदेत काढलेल्या बाईला कामाचा हिशोब विचारू नये, हा तिचा मान झाला की अपमान? मला तर तो अपमानच वाटतो. म्हणून हा हिशोब मांडायला बसले आहे.

थोडी उजळणी करू. १२ एप्रिल १९४३ ला चिपळूणला जन्म, माहेरचं आडनाव साठे. लग्न होऊन इंदूरच्या महाजनांकडं आल्या, पती जयंतराव वकील. इंदूर विद्यापीठातून एम.ए., एलएल.बी. केलं. विचार संघ-जनसंघाचा. त्या विचाराच्या घरांत बाईनं बाहेर पडायचं तर वाट ठरलेली असायची. १९३६ साली वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, तेव्हापासूनची ही वाट आहे. आधी संस्कार, मग समाजसेवा, आणि राजकारण आलंच तर शेवटी. घराचा उंबरठा न मोडता, त्याला नमस्कार करून ओलांडायचा. याला मी हसत नाहीय. आपल्या समाजातल्या कितीतरी बाया याच वाटेनं बाहेर पडल्या. आधी पाठशाळा, मग मंडळ, मग एखाद्या संस्थेच्या कमिटीवर. ज्या घरात सरळ भांडून काही मिळत नाही, तिथं नमस्कार करून बरंच मिळतं.

१९८४ मध्ये ताई इंदूरच्या उपमहापौर झाल्या. १९८५ ला विधानसभेला उभ्या राहिल्या आणि पडल्या. हे पडणं कौतुकाच्या यादीत कधी येत नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. पहिल्याच धक्क्याला घरी बसवल्या गेलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. त्या बसल्या नाहीत. चारच वर्षांनी, १९८९ ला, लोकसभेला उभ्या राहिल्या त्या थेट प्रकाशचंद्र सेठींच्या समोर. सेठी म्हणजे मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री आणि आपल्या जैन समाजातले. इंदूर म्हणजे सर सेठ हुकुमचंदांचं गाव, काच मंदिराचं गाव. तिथं आपल्या लोकांचं वजन काय, हे वेगळं सांगायला नको. तरी ताई लाखावर मतांनी निवडून आल्या. आमच्या नात्यातल्या इंदूरच्या एक मावशी सांगतात, त्यांच्या घरात पुरुषांची मतं एकीकडं गेली आणि बायकांची दुसरीकडं, आणि ते पुरुषांना कळलंच नाही. किती खरं, किती मागून जोडलेलं, देव जाणे. पण मावशींच्या चेहऱ्यावर अजून त्याचा आनंद दिसतो.

त्यानंतर १९९१, ९६, ९८, ९९, २००४, २००९, २०१४. दर वेळी विजय. २००९ ला जेमतेम साडेअकरा हजारांचा आणि २०१४ ला साडेचार लाखांच्या वर. मध्ये अटलजींच्या सरकारात १९९९ ते २००४ राज्यमंत्री होत्या. मनुष्यबळ विकास, दळणवळण, पेट्रोलियम अशी खाती मिळाली, पण सगळीकडं राज्यमंत्रीच. कॅबिनेट मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही. आठ वेळा निवडून येणाऱ्या किती पुरुषांच्या बाबतीत असं झालं असेल, हा विचार करून बघा.

आता त्यांच्या 'ताई' असण्याकडं येते. इंदूरमध्ये त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं ताई. बंगालात दीदी, तमिळनाडूत अम्मा, उत्तर प्रदेशात बहनजी. तुम्ही म्हणाल, पुरुषांनाही भाऊ, अण्णा, दादा म्हणतातच की. म्हणतात. पण पुरुषाला ते लाडानं लावतात, ते नसलं तरी त्याचं काही अडत नाही. बाईला मात्र ते ओळखपत्रासारखं खिशात ठेवावं लागतं. आधी कुणाची तरी बहीण, आई, ताई व्हायचं, मगच मत मागायचं. नुसती 'उमेदवार' म्हणून ती दारात आली तर आपणच बाया दाराआडून विचारतो, "घरी कोण असतं हिच्या?" सुमित्राताईंनी हे ओळखपत्र तीस वर्षं अगदी स्वच्छ ठेवलं. त्यांचं यश त्यात आहे, आणि माझ्या मते त्यांची अडचणही त्यातच आहे. कारण ताईनं घरात वाद मिटवायचा असतो, वाद घालायचा नसतो. आणि संसद हे तर वाद घालण्याचंच घर.

६ जून २०१४ ला त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. मीराकुमारांनंतरच्या दुसऱ्याच महिला. मराठी माणसांत त्या चौथ्या. पहिले अध्यक्ष मावळंकर, मग शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि या. टीव्हीवर त्या गलका करणाऱ्या खासदारांना मास्तरीणबाईसारख्या दटावायच्या तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना मजा वाटायची. हिंदी बोलताना मधूनच मराठी वळण डोकवायचं, तेही गोड वाटायचं. तेलंगणातल्या आम्हा मराठी लोकांना तेलुगू बोलताना असंच होतं, म्हणून जास्तच आपलं वाटलं असेल.

पण अध्यक्षाचं काम दटावण्याचं नाही. आपल्याकडं म्हण आहे, वाढपी ओळखीचा असला तर पंगतीत कुठंही बसावं. स्वामीवात्सल्याच्या जेवणात तुम्हीही पाहिलं असेल, तुपाची वाटी घेऊन येणारी आपल्या माणसाच्या ताटापाशी जरा जास्त वाकते. लोकसभेचा अध्यक्ष म्हणजे असा वाढपी. त्याच्या हातात बोलायची वेळ असते, कुणाला उठवायचं आणि कुणाला बसवायचं ते असतं. तर ताईंच्या हातातली वाटी कुठं वाकली ते बघू.

पहिली गोष्ट २०१४ ची. काँग्रेसचे ४४ खासदार निवडून आले होते. विरोधी पक्षनेतेपद द्यायला सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे ५५ लागतात, असं मावळंकरांच्या काळापासून चालत आलेलं आहे. ताईंनी त्यावर बोट ठेवून पद नाकारलं. यात मी त्यांना दोष देत नाही. नियम जुना होता, आधीही असं झालं होतं.

दुसरी गोष्ट ३ ऑगस्ट २०१५ ची. ललित मोदी प्रकरणावरून काँग्रेसचे खासदार फलक घेऊन हौद्यात आले, रोज गोंधळ. ताईंनी २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं. ४४ मधले २५! पंगतीत कुणी आरडाओरडा केला म्हणून अर्धी पंगत उठवली तर जेवण शांत होतं, हे खरं. पण त्याला पंगत म्हणायचं का? पुढं जानेवारी २०१९ मध्ये दोन दिवसांत तेलुगू देसम आणि अण्णाद्रमुकचे मिळून ४५ खासदार निलंबित झाले.

तिसरी गोष्ट बायकांनी नीट समजून घ्यावी, कारण ती आपल्या रेशनच्या दुकानापर्यंत आली. मार्च २०१६ मध्ये आधारचं विधेयक आलं. ते 'धन विधेयक' म्हणून मांडलं गेलं. धन विधेयक म्हणजे काय, तर त्यात राज्यसभेला फक्त सूचना करता येतात, अडवता येत नाही. आणि एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार लोकसभेच्या अध्यक्षाचा. ताईंनी शिक्का दिला. राज्यसभेनं दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्या त्याच दिवशी फेटाळल्या. काम झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा कायदा बहुतांशी मान्य केला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. धन विधेयक म्हणून हे मंजूर करणं म्हणजे घटनेची फसवणूक आहे, असं त्यांनी आपल्या वेगळ्या निकालात लिहिलं. कायद्याच्या बाजूनं बरंच बोलता येईल, खोटी कार्डं गेली, पैसा थेट खात्यात आला. मी त्या वादात पडत नाही. पण आमच्याकडं कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो उद्या या. उद्या परत तेच. अशा बाईच्या वतीनं कुणीतरी राज्यसभेत उठून, "अंगठा नाही उठला तर काय करायचं ते कायद्यातच लिहा," असं म्हणालं असतं, तर तिथं त्याचं ऐकावं लागलं असतं. ते ऐकण्याची गरजच त्या एका शिक्क्यानं काढून टाकली.

चौथी गोष्ट मार्च २०१८ ची, आणि मला ती सगळ्यांत जड वाटते. आंध्रच्या विशेष दर्जाचा प्रश्न पेटला होता. तो प्रश्न आपल्या राज्याच्या वाटणीतूनच निघालेला, त्यामुळं आमच्याकडं तेलुगू चॅनलवर दिवसरात्र तेच. सभागृहात रोज गोंधळ चालू. त्या गोंधळात १४ मार्चला देशाचा अर्थसंकल्प चर्चा न होता, अर्ध्या तासात, आवाजी मतदानानं मंजूर झाला. दोनच दिवसांनी सरकारवर अविश्वास ठरावाच्या नोटिसा आल्या. त्याचा नियम असा की ५० खासदारांनी जागेवर उभं राहायचं, अध्यक्षांनी मोजायचं. ताई म्हणाल्या, सभागृहात शिस्त नाही, मला मोजता येत नाही. दिवसामागून दिवस हेच. ६ एप्रिलला अधिवेशन संपलं. ठराव आला तो जुलैमध्ये, २० तारखेला, आणि ३२५ विरुद्ध १२६ मतांनी पडला.

म्हणजे बघा, ज्या गोंधळात लाखो कोटींचा हिशोब मंजूर करता आला, त्याच गोंधळात ५० माणसं मोजता आली नाहीत. सरकार पडण्याची भीती नव्हतीच, जुलैचे आकडे ते सांगतातच. मग मोजायला काय हरकत होती? ताईंची बाजू घ्यायची तर एवढं म्हणता येईल की हौद्यात उतरून गोंधळ घालणाऱ्यांत आपल्या तेलंगणाचे टीआरएसचे खासदारही होते, आणि त्यांना आवरणं सोपं नव्हतं. पण ही बाजू बुधवारी लागू आणि शुक्रवारी नाही, किंवा शुक्रवारी लागू आणि बुधवारी नाही, असं कसं चालेल? दोन्ही दिवशी लागू करा, नाहीतर एकाही दिवशी करू नका.

आता कुणी म्हणेल, बाकीचे अध्यक्ष काय धुतल्या तांदळाचे होते? नव्हते. आमचं तेलंगण राज्य ज्या दिवशी लोकसभेत मंजूर झालं, १८ फेब्रुवारी २०१४, त्या दिवशी मीराकुमार खुर्चीत होत्या. दारं बंद, टीव्हीचं प्रक्षेपण बंद, आवाजी मतदान. पाच दिवस आधी एका खासदारानं सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला होता. इथं आदिलाबाद जिल्ह्यात त्या संध्याकाळी फटाके फुटले. नियम पाळले का, हे कुणीही विचारलं नाही. तेव्हा ही खुर्ची बाईची असो की पुरुषाची, काँग्रेसची असो की भाजपची, ती आपल्या माणसाकडं झुकते. का झुकते? कारण पाच वर्षांनी तिकीट पक्षच देणार असतो.

न झुकलेल्यांची उदाहरणं दोनच पटकन आठवतात. आंध्रचे नीलम संजीव रेड्डी १९६७ मध्ये अध्यक्ष झाल्यावर पक्षाचा राजीनामा देऊन मोकळे झाले. आणि २००८ मध्ये सोमनाथ चटर्जी. अणुकराराच्या वेळी पक्षानं खुर्ची सोडायला सांगितली, त्यांनी सोडली नाही, म्हटलं अध्यक्ष पक्षाचा नसतो. विश्वासमताच्या दुसऱ्याच दिवशी माकपनं त्यांना काढून टाकलं. चाळीस वर्षांचा पक्ष एका दिवसात गेला. एवढी किंमत मोजायची तयारी ताईंनी दाखवली नाही. कुणी दाखवावीच असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण आठ वेळा निवडून आलेल्या, मुलं मोठी झालेल्या, पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईला गमावण्यासारखं असं काय उरलं होतं, हा प्रश्न मनात येतो.

बायकांसाठी काय केलं? मार्च २०१६ मध्ये त्यांनी देशभरच्या महिला आमदार-खासदारांची परिषद दिल्लीला भरवली, राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. चांगलं काम. फोटोंमध्ये किती रंगांच्या साड्या! पण १९९६ पासून लटकलेलं महिला आरक्षणाचं विधेयक, जे २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन पुढं मेलं होतं, ते त्या पाच वर्षांत लोकसभेत आलंच नाही. विधेयक आणणं सरकारचं काम, अध्यक्षांचं नव्हे, हे मान्य. सरकारकडं स्वतःचं बहुमत होतं, अध्यक्षपदी एक बाई होती, सभागृहात बायका शंभरात अकरा-बारा. तरी आलं नाही. ते झालं २०२३ मध्ये, ताई घरी बसल्यावर. आणि तेही जनगणना आणि मतदारसंघांची फेरआखणी झाल्यावर लागू होणार.

इथं मला दोन मराठी बायका आठवतात. प्रमिला दंडवते १९८० ते ८४ एवढंच एक सत्र लोकसभेत होत्या. त्या वेळात त्यांनी हुंड्याविरुद्ध खाजगी विधेयक मांडलं, त्यातून समिती झाली आणि १९८४ ला हुंडाबंदीचा कायदा कडक झाला. मृणाल गोरे, 'पाणीवाली बाई', महाराष्ट्र विधानसभेत गर्भलिंग तपासणीच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि १९८८ मध्ये तसा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य झालं. देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. या दोघी समाजवादी, विरोधी बाकावरच्या, हरणाऱ्या-पडणाऱ्या, रस्त्यावर उतरून भांडणाऱ्या. आमच्या मंडळात त्यांचं नाव घेतलं तर निम्म्या जणी विचारतील, कोण? आणि मुली वाचवण्याची शपथ मात्र आपण दर वर्षी घेतो. आठ वेळा निवडून येण्याचा आकडा आपल्याला पाठ आहे. एका सत्रात काय होऊ शकतं, हे माहीत नाही.

मी समाजवादी नाही. पुराणमतवादी बाईनं समाजवादी बाईसारखं काम करावं असंही माझं म्हणणं नाही. पण तिच्या स्वतःच्या विचारात बसेल असं भांडण तरी तिनं करावं. ताईंच्या विचारातला आदर्श कोण? अहिल्याबाई होळकर. ताईंनी अहिल्याबाईंवर 'मातोश्री' नावाचं नाटक लिहिलं, २०१७ मध्ये पंतप्रधानांनी त्याचं प्रकाशन केलं. इंदूरमध्ये अहिल्योत्सवाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं मनापासून केलं. आपल्याला अहिल्याबाई म्हटलं की पांढरी साडी आणि हातात शिवलिंग एवढंच दिसतं. पण १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला तेव्हा दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड काय म्हणाले? दत्तक घ्या, कारभार आमच्यावर सोपवा आणि तुम्ही देवधर्म करा. घरच्याच माणसाचा, अगदी मायेचा सल्ला. अहिल्याबाईंनी तो धुडकावला. राघोबादादा सैन्य घेऊन आले तर त्यांना उलटा निरोप धाडला, पेशव्यांकडून आपला हक्क मंजूर करून घेतला आणि १७९५ पर्यंत राज्य केलं. देवळं, घाट, धर्मशाळा हे सगळं त्या एका 'नाही'नंतरचं आहे. त्या वेळी त्यांनी मान डोलावली असती तर आज इंदूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव नसतं.

आता ५ एप्रिल २०१९. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली, इंदूरचा उमेदवार जाहीर होईना. पक्षानं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट द्यायचं नाही असं ठरवलेलं, पण ताईंना समोर येऊन तसं सांगायला कुणी तयार नाही. शेवटी ताईंनीच पत्र लिहिलं. पक्षाला निर्णय घ्यायला संकोच होत असेल तर मी लढणार नाही, मोकळेपणानं ठरवा, अशा अर्थाचं. सगळ्या वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं, काय मोठेपणा! मी ते वाचलं तेव्हा मला आपल्या घरांतल्या सासवा आठवल्या. मुलांना वाटणी मागायचा संकोच होतो, म्हणून आईच म्हणते, माझी खोली घ्या रे, मी देवघरापाशी झोपीन. मुलं म्हणतात, आई किती समजूतदार! समजूतदार आहेच ती. पण ती खोली कुणाची होती, हे कुणी विचारत नाही. तिकीट शंकर लालवानींना मिळालं, ते साडेपाच लाखांच्या जवळपास मतांनी निवडून आले.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, आमच्याकडं मंडल परिषदेच्या निवडणुका होत्या. आपल्या तेलंगणात निम्म्या जागा बायकांच्या, हे तुम्हाला माहीतच आहे. ओळखीच्या घरातली एक सून, पदवीधर, तेलुगू-मराठी दोन्ही फर्ड्या बोलणारी, एमपीटीसीला उभी राहायचं म्हणत होती. घरात बैठक बसली. वडीलधाऱ्यांनी काय उदाहरण दिलं असेल? सुमित्राताई. "त्यांच्यासारखी राहशील तर ठीक. त्यांनी कधी आवाज चढवला? आणि बघ, सांगितल्यावर कशा बाजूला झाल्या." म्हणजे उभं राहण्याआधीच बाजूला कसं व्हायचं ते तिला शिकवून झालं. तिनं अर्ज भरला नाही. त्या जागेवर जी बाई आली तिच्या सह्या तिचा नवरा करतो असं लोक म्हणतात. आपल्याकडं असे 'सरपंचपती' गल्लोगल्ली आहेत, त्यात नवल काही नाही.

म्हणून मला या कौतुकाची धास्ती वाटते. ताईंची नव्हे. ताई कष्टानं वर आलेल्या, अभ्यासू, हातात स्वच्छ बाई आहेत. २०१५ मध्ये खासदारांना विषय नीट समजावेत म्हणून त्यांनी तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवणारा उपक्रम सुरू केला, त्याची चर्चा फार कुणी केली नाही, ती व्हायला हवी. २०२१ चं पद्मभूषण योग्य हातात गेलं असंच मी म्हणेन. पण त्यांच्या नावाची पट्टी करून आपण लेकी-सुनांची उंची मोजायला लागलो, की मला बोलावंसं वाटतं.

आणि ताईंना बोलता येत नव्हतं असंही नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस इंदूरला काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागं घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. लालवानींसमोर काँग्रेसचं कुणी उरलंच नाही. सगळा पक्ष पेढे वाटत असताना एक्क्याऐंशी वर्षांच्या ताई पत्रकारांना म्हणाल्या की हे व्हायला नको होतं, याची काही गरज नव्हती, आणि शहरातली शिकलेली माणसं मला फोन करून सांगतायत की आम्ही 'नोटा' दाबणार. स्वतःच्या पक्षाविषयी, उघड, मतदानाच्या आधी! त्या वेळी त्यांच्याकडं खुर्ची नव्हती, तिकीट नव्हतं, कुणाचा संकोच उरला नव्हता. मतमोजणीला इंदूरमध्ये नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. ताईंचं ते बोलणं मी आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. दोघी-तिघी म्हणाल्या, "या वयात कशाला बोलायचं असं?" कोपऱ्यात ती सून बसली होती. ती म्हणाली, "काकू, ते परत एकदा वाचा ना."